प्लास्टिकमधली आठ जॅकेटं: मुंबईच्या मच्छीमार संस्थांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व मच्छीमार सहकारी संस्थांचे चेअरमन आणि संचालक मंडळ,
तसेच समस्त नाखवा आणि तांडेल मंडळी,
वेसावे, मढ, भाटी, मनोरी, गोराई, माहीम, वरळी, कुलाबा, ट्रॉम्बे आणि जिथे जिथे होडी लागते तिथे.

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस आहेत. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकल्या आहेत, बंदरावर रंगाचा वास सुटलाय, ओट्यावर बसून जाळी सांधण्याचं काम चाललंय. १ ऑगस्टला समुद्र खुला झाला की बर्फ, डिझेल, खलाशी आणि पहिल्या फेरीची घाई सुरू होईल. मग तुमच्यापैकी कुणाशी निवांत बोलायला मिळणार नाही, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

मी वेसावा कोळीवाड्यातली. आजोबा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, होते; वडील नाखवा, म्हणजे होडीचे मालक. गेली अकरा वर्षं मी दारूखान्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. व्यापारी जहाजांवरचे लाइफ राफ्ट (जहाज बुडालं तर चढायचे फुगणारे तराफे) आणि फुगणारी लाइफ जॅकेटं आमच्याकडे दर वर्षी तपासणीला येतात. आम्ही ती उघडतो, हवा भरून ठेवतो, गॅसची बाटली काट्यावर तोलतो, मुदत संपलेले भाग बदलतो, पुन्हा घडी घालतो आणि मग सर्टिफिकेटवर सही होते. परक्या जहाजावरच्या माणसासाठी एवढी काळजी रोज माझ्या हातून होते. माझ्या घरच्या होडीवर ती कधीच झाली नाही.

सहा वर्षांपूर्वी, गणपती होऊन गेल्यावर, आमच्या होडीवरून एक खलाशी पाण्यात पडला. जव्हारकडचा पोरगा, वीसेक वर्षांचा, त्याचा दुसराच हंगाम. पहाटे चारच्या सुमाराला होडी डोलीकडे, म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेल्या जाळ्याकडे, निघालेली असताना तो मागच्या टोकाला लघवीला गेला. पडताना कुणी पाहिलं नाही. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. डोल ओढायला सगळे उठले तेव्हा एक माणूस कमी आहे हे लक्षात आलं, आणि तोवर किती वेळ गेला होता ते आजही कुणी सांगू शकत नाही. वडिलांनी होडी फिरवली, वायरलेसवर बाकीच्यांना हाका घातल्या. गावातल्या होड्या काम टाकून आल्या आणि अंधार पडेपर्यंत शोधत राहिल्या. तटरक्षक दलालाही कळवलं. पोरगा मिळाला नाही.

होडी बंदराला लागल्यावर पोलिसांबरोबर मीही वर चढले. केबिनमागच्या कप्प्यात आठ नारिंगी जॅकेटं होती. फोमची, जाडजूड, दुकानातून आली तशी प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद. एकीवर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. त्याच आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये एका जहाजाची पंचवीस जॅकेटं तपासून बाजूला ठेवली होती.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. आमच्या पडवीत बसून तिने विचारलं, "पडला तेव्हा त्याच्या अंगात काय होतं?" कुठे कुणी सापडलं तर ओळख पटावी म्हणून तिला कपडे हवे होते. वडील म्हणाले, निळी हाफ पँट आणि गंजी. मला तो प्रश्न वेगळाच ऐकू आला आणि अजूनही तसाच ऐकू येतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण प्रत्येक बंदरावर असं एखादं तरी घर आहे. मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला तर सरकारी विम्याचे ५ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी मृत्यू सिद्ध व्हावा लागतो. देह मिळाला नाही तर माणूस कागदावर 'बेपत्ता' राहतो, आणि कायद्याने बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं लागतात. मधल्या काळात त्या घराने काय करायचं? जॅकेट घातलेला माणूस वर तरंगतो. तो जिवंत मिळण्याची शक्यता तर वाढतेच, पण नशीब फिरलंच तरी त्याच्या घरच्यांना तो मिळतो. हे लिहिताना हात थरथरतो, तरी लिहायला हवं.

पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं: तो हातपाय मारतो, ओरडतो, आपण दोर फेकतो. प्रत्यक्षात बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला हवा उरतच नाही. जवळ उभ्या माणसालाही तो खेळतोय असं वाटू शकतं. आता होडीचा हिशोब करा. सहा नॉटने, म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटरने, चाललेली होडी मिनिटाला सुमारे १८५ मीटर पुढे जाते. पाच मिनिटांनी लक्षात आलं, तर माणूस जवळजवळ एक किलोमीटर मागे राहिलेला असतो. काळोखात, लाटांमध्ये, गढूळ पाण्यात एक काळं डोकं शोधायचं. उधाणाचे दिवस असतील आणि पाणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लागलं असेल, तर तो पडल्या जागीही राहत नाही.

"कोळ्याच्या पोराला पोहता येतं" असं आपण म्हणतो. आपल्या पोरांना येतंही. पण आज आपल्या होड्यांवर आपली पोरं किती उरली आहेत? खलाशी जव्हार-मोखाड्यातून येतात, उत्तर प्रदेशातून, नेपाळमधून येतात. त्यातल्या कित्येकांनी नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो. आणि पोहता येणाऱ्याचं तरी काय? डोक्याला फळी लागून पडलेला, पायात दोराचा फास अडकून खेचला गेलेला, गमबुटासकट पडलेला माणूस किती पोहेल? २०२५ च्या जुलैत खांदेरीजवळ आठ जणांची होडी उलटली. पाच जण तासन्‌तास पोहून किनाऱ्याला लागले, तिघं गेले. ते आठही जण समुद्रावरचेच होते.

अमेरिकेत निओश नावाची सरकारी संस्था आहे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अपघातांचा ती अभ्यास करते. २००० ते २०१६ या काळात तिथे होडीवरून पाण्यात पडून २०४ मच्छीमार मेले. त्या २०४ जणांपैकी एकाच्याही अंगावर जॅकेट नव्हतं. निम्म्याहून जास्त जणांना पडताना कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. तो अहवाल वाचताना मला जव्हारचा पोरगा आठवला. समुद्र वेगळा, भाषा वेगळी, मासळी वेगळी, आणि मरण अगदी तेच.

तरीही मला खलाशांना दोष द्यायचा नाही. ते जॅकेट का घालत नाहीत हे मी त्यांना विचारलंय आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. ते नारिंगी फोमचं जॅकेट छातीवर उशी बांधल्यासारखं असतं. वाकता येत नाही, जाळं त्याच्या बकलात अडकतं, ऑक्टोबरच्या उन्हात त्याखाली अंग भाजून निघतं. आमचे एक काका, चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस, मला म्हणाले, "मना नको तुजं जाकीट. जालं धरू का जाकीट धरू?" ते जॅकेट बुडत्या जहाजावरून उतरणाऱ्यासाठी बनवलेलं आहे. एकदा घालायचं, उतरायचं आणि वाट बघायची. दिवसभर दोर ओढणाऱ्या माणसासाठी ते नाहीच. आपण परवान्यासाठी आणि तपासणीसाठी चुकीची वस्तू विकत घेतली आणि मग ती कुणी वापरत नाही म्हणून खलाशांना आळशी ठरवलं.

कामात घालता येतील अशी जॅकेटं आता मिळतात, आणि त्यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

पाण्यात माणसाचं वजन फार नसतं. डोकं वर ठेवायला साधारण चार-पाच किलोचा आधार पुरतो. जॅकेटाची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा आधार. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, थोडंफार पोहता येणाऱ्या माणसाला मदत करतं. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवावं अशा बेताने बनवलेलं असतं. खरेदी करताना हा आकडा बघा, रंग आणि किंमत नंतर.

फुगणारं जॅकेट अंगात घातल्यावर गळ्याभोवती आणि छातीवर रुंद पट्टा असावा तसं दिसतं. त्याच्या आत घडी घातलेली पिशवी आणि गॅसची छोटी बाटली असते. बाटलीत ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, तोच गॅस जो सोडावॉटरमध्ये असतो. माणूस पाण्यात पडला की एक सुई बाटलीचं तोंड फोडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगून १५० न्यूटनचा आधार मिळतो. सुई सुटते कशी, यात मात्र फरक आहे आणि आपल्या कामासाठी तो फार महत्त्वाचा आहे. स्वस्त प्रकारात एक गोळी असते, ती भिजून विरघळली की स्प्रिंग सुटते. आपल्या होडीवर सतत पाणी उडतं, ओलं जाळं अंगावर येतं, आणि मुंबईची हवा पावसाळ्यात स्वतःच ओली असते. अशा ठिकाणी गोळीचं जॅकेट भलत्याच वेळी फुगू शकतं. दोनदा तसं झालं की खलाशी ते खुंटीला टांगून ठेवेल आणि त्यात त्याची चूक नसेल. दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या दाबावर चालणारी झडप असते. ती साधारण दहा सेंटिमीटर पाण्याखाली गेली तरच उघडते. पावसाने नाही, उडालेल्या पाण्याने नाही. महाग आहे, पण फळीवर, म्हणजे होडीच्या उघड्या डेकवर, काम करणाऱ्यासाठी घ्यायचं तर हेच घ्या. पडलेला शुद्धीवर नसेल तर दोरी ओढणार कोण, म्हणून नुसतं हाताने ओढायचं जॅकेट घेऊ नका.

डोलीच्या होडीवर, जिथे चार-पाच जण दाटीने काम करतात आणि आकड्या, दोर, जाळं सगळं अंगाला घासतं, तिथे माझं मत पातळ फोमच्या जॅकेटाकडे झुकतं. गंजीवर बंडी घालावी तसं ते बसतं, त्यात फुटण्यासारखं काही नाही, बाटली नाही, गोळी नाही. आधार कमी मिळतो हे खरं. पण ते रोज अंगावर राहील, आणि रोज अंगावर राहणारं ५० न्यूटनचं जॅकेट मला कप्प्यातल्या १५० न्यूटनच्या जॅकेटापेक्षा हजारपट मोलाचं वाटतं.

कुठलंही घ्या, मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसला की पाण्यात जॅकेट वर सरकतं, कानांशी येतं आणि माणूस खालून निसटतो. शिट्टी हवी, चमकणारी पट्टी हवी, आणि रात्री बाहेर असणाऱ्यांसाठी पाणी लागताच पेटणारा छोटा दिवा हवा. जहाजांच्या जॅकेटांवरचे दिवे निदान आठ तास जळावेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्या पोरांच्या खांद्यावर तोच दिवा असायला काय हरकत आहे?

एक इशारा. मोबाईलवर मनगटावर बांधायच्या फुग्याच्या जाहिराती येतात, आणि गेल्या वर्षी एका नाखव्याने मला विचारलं की असे दहा घेऊ का. ज्याला पोहता येतं आणि जो दमला आहे, त्याला त्या फुग्याचा उपयोग आहे. पण त्याचा खटका स्वतः ओढावा लागतो, फुगा एका हाताने धरून ठेवावा लागतो, आणि बेशुद्ध माणसाचं तोंड तो पाण्याबाहेर ठेवत नाही. खलाशासाठी तो घेऊ नका. आणि दुसरं, आपोआप फुगणारं जॅकेट घालून केबिनमध्ये झोपू देऊ नका. होडी उलटली तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताशी दाबून धरतं आणि त्याला बुडी मारून दाराबाहेर येता येत नाही. १९९६ साली कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडलेल्या इथिओपियाच्या विमानात कित्येक प्रवाशांनी आतच जॅकेटं फुगवली आणि ते आतच अडकले. जॅकेट फळीवर घालायचं, केबिनमध्ये शिरताना काढून दाराशी टांगायचं.

आता देखभालीबद्दल, कारण संस्था नेमकी इथेच कमी पडेल अशी मला भीती वाटते. अनुदानातून जॅकेटं येतील, वाटपाचा कार्यक्रम होईल, फोटो निघतील आणि दोन वर्षांनी त्यातली निम्मी निकामी असतील. वर्कशॉपमध्ये मी काय काय पाहते ते सांगते. इंजिनाच्या हादऱ्याने बाटली आट्यांमधून सैल झालेली असते; सुई तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कधी बाटली एकदा फुटलेली असते आणि कुणीतरी तीच भोक पडलेली बाटली परत लावून ठेवलेली असते. गोळीची मुदत संपलेली असते. पिशवी घडीवर घासून झिरपत असते. खारं पाणी सुकून झडपेवर मिठाचा थर बसलेला असतो. बाहेरून ही सगळी जॅकेटं अगदी नवी दिसतात.

यातलं बहुतेक काही घरीही तपासता येतं. बाटलीवर तिचं भरलेलं वजन कोरलेलं असतं. काट्यावर ठेवून बघायचं, दोन ग्रॅमही कमी भरलं तर बाटली बदलायची. मासळीचा काटा यासाठी चालणार नाही, सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागतो, आणि तसा एक काटा अख्ख्या बंदराला पुरतो. बाटली हाताने घट्ट फिरवून बघायची. तोंडाने फुंकायची नळी असते, तिच्यातून पिशवी फुगवून रात्रभर ठेवायची. सकाळी ढिली पडली असेल तर ती बाद. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. जाळ्याची आपण जेवढी निगा राखतो त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी राखली, तरी जॅकेट वर्षानुवर्षं टिकतं. आणि सुटे भाग बंदरावरच मिळायला हवेत. दोर, फ्लोट आणि बेअरिंग जिथे मिळतात त्याच दुकानात गॅसची बाटली आणि गोळीही मिळाली पाहिजे. बाटली आणायला कुणाला माझगावला जावं लागलं तर ती आणली जाणार नाही, हे आपण सगळे जाणतो.

जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं. पण तो पडला हे तांडेलाला कळणार कसं? आमच्या होडीवर ते कळलं नाही. यावरही उपाय निघाला आहे. प्रत्येक खलाशाच्या मनगटावर किंवा जॅकेटावर एक छोटी चकती बांधतात आणि सुकाणूपाशी एक डबा बसवतात. चकती सतत डब्याशी बोलत असते. खाऱ्या पाण्यातून रेडिओचा संदेश जात नाही, त्यामुळे माणूस पाण्यात गेला की बोलणं तुटतं, काही सेकंदांत भोंगा वाजतो आणि ती जागा जीपीएसवर नोंदली जाते. काही यंत्रं तर इंजिनही बंद करतात. दीड किलोमीटर मागे राहिलेला माणूस आणि पंचवीस मीटर मागे राहिलेला माणूस, यात जो फरक आहे तो या भोंग्याने पडतो.

आपल्याकडे इस्रोचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं, होड्यांवर बसवले जात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला त्या योजनेचा देशपातळीवर शुभारंभ झाला. एक लाख होड्यांचं उद्दिष्ट आहे. चांगलं काम आहे, होडी संकटात असेल तर मोबाईलची रेंज नसतानाही किनाऱ्यावर कळतं. पण ट्रान्सपॉन्डर होडीवर असतो आणि पडलेला माणूस होडीवर नसतो. माणूस गेल्याचं तांडेलाला कळलं तरच तो बटण दाबेल, तरच तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावेल. म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाताना ट्रान्सपॉन्डरच्या जोडीने या चकत्यांचीही मागणी करा अशी माझी विनंती आहे. एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली आहे, तिच्यात हा शेवटचा धागा जोडायला हवा.

पैशांचं बोलते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक आणि यांत्रिक होड्यांच्या सुरक्षा साहित्यासाठी अनुदान आहे. संस्थेने एकत्र मागणी केली तर भावही कमी मिळेल. पण कृपा करून जॅकेटाचे पैसे खलाशाच्या पगारातून किंवा वाट्यातून कापू नका. त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं जॅकेट तो गावी घेऊन जाईल किंवा विकून टाकेल, आणि दोन्हीसाठी त्याला बोल लावता येणार नाही. जाळं नाखव्याचं असतं, तसं जॅकेटही नाखव्याचंच असावं.

आणि घेण्याआधी खलाशांना विचारा. निओशने अलास्कात एक चांगली गोष्ट केली. सहा प्रकारची जॅकेटं मच्छीमारांच्या हातात दिली आणि सांगितलं, महिनाभर कामावर घाला आणि मग बोला. खेकडे पकडणाऱ्यांना एक आवडलं, जाळीवाल्यांना दुसरं. ज्याचं काम त्याची पसंती. आपल्याकडेही डोलवाले, जाळं ओढत नेणारे ट्रॉलरवाले आणि माशांच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणारे पर्ससीनवाले एकच जॅकेट पसंत करतील असं मला वाटत नाही. संस्थेने पाच-सहा नमुने आणावेत, ऑगस्टमध्ये पाच-सहा होड्यांवर द्यावेत आणि नारळी पौर्णिमेनंतर महिन्याने खलाशांना बसवून ऐकावं. त्यांच्या भाषेत ऐकावं. हिंदी किंवा नेपाळी बोलणाऱ्याला मराठी छापील सूचना देऊन काही साधणार नाही. घालून दाखवावं लागेल, पाण्यात उतरवून दाखवावं लागेल. ज्याने एकदा बंदराच्या पाण्यात स्वतःला तरंगताना अनुभवलं, तो पुन्हा जॅकेट टांगून ठेवत नाही. हे मी शिकाऊ दर्यावर्दींबरोबर किती वेळा पाहिलंय.

घालायची सक्ती कोण करणार, असं मला विचारलं जातं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर लगेच गेटवेवर जॅकेट घातल्याशिवाय प्रवाशांना बोटीत घेईनासे झाले. म्हणजे ठरवलं तर एका दिवसात होतं. तासाभराच्या फेरीला निघालेल्या पाहुण्याला जॅकेट मिळतं, मग दहा दिवस समुद्रावर राहणाऱ्या खलाशाला का मिळू नये? ब्रिटनने २०१८ मध्ये मासेमारी होड्यांच्या उघड्या फळीवर जॅकेट घालणं बंधनकारक केलं. आपल्याकडे सरकारी आदेशाची वाट बघायची मला गरज वाटत नाही, कारण आपल्या बंदरावर सरकारपेक्षा संस्थेचा शब्द जास्त चालतो. डिझेल संस्था देते, परताव्याचे कागद संस्था करते. संस्थेने ठराव केला की रात्री आणि जाळं ओढताना जॅकेट अंगावर असेल, तर ते होईल. फक्त आधी तांडेलाने घालावं. तांडेल घालत नसेल तर वीस वर्षांचं पोरगं कधीच घालणार नाही, त्याला ते भित्रेपणाचं वाटेल.

आणखी दोन साध्या गोष्टी, ज्यांना ना गॅस लागतो ना अनुदान. होडीच्या मागच्या टोकाला कमरेएवढा कठडा आणि धरायला दोर लावा, किंवा आत एक आडोसा करून बादली ठेवा. रात्री लघवीला जाताना माणसं पडतात, ही गोष्ट आपण लाजेने बोलत नाही आणि माणसं पडत राहतात. दुसरं, पडलेल्याला वर घ्यायची सोय करा. भिजलेला, दमलेला माणूस दोघांनाही उचलत नाही. कपडे ओले, हात निसरडे, होडी हेलकावत असते. बाजूला लटकवायची दोराची शिडी किंवा जुन्या जाळ्याचा रुंद पट्टा तयार ठेवा, तो खाली सोडून त्यात माणसाला गुंडाळून ओढून घेता येतं. बंदरावर एकदा सराव करा.

वडील आता समुद्रावर जात नाहीत, होडी भाऊ चालवतो. गेल्या हंगामापासून त्याच्या होडीवर प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आहे. पहिला आठवडा कुरकुर झाली. एकाचं जॅकेट जाळ्याच्या फाशीत अडकून फाटलं, ते आम्ही बदललं आणि बकल उलट्या बाजूला घेतलं. आता कुणी त्याबद्दल बोलत नाही, जसं कुणी गमबुटाबद्दल बोलत नाही.

२५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी पाळायला सांगितला आहे. त्या दिवशी सकाळी आठपासून मी वेसाव्याच्या बंदरावर टेबल टाकून बसणार आहे. बारीक काटा, काही बाटल्या, गोळ्या आणि चार प्रकारची नमुन्याची जॅकेटं माझ्याकडे असतील. तपासणीचे पैसे घेणार नाही. मढ-भाटीच्या आणि गोराई-मनोरीच्या संस्थांनी सांगितलं तर पुढचे दोन रविवार तिकडे येईन, वरळी-माहीमकरांनीही कळवावं. येताना आपापल्या होडीवरचं प्रत्येक जॅकेट आणा, प्लास्टिकमध्ये असेल तर पिशवीसकट आणा. आणि एक-दोन खलाशांना बरोबर आणा, कारण घालून त्यांनाच बघायचं आहे.

आपली,
वेसाव्याची एक लेक